मेहंदीखालचा पाय

लग्नाकार्यात आमच्याकडच्या बायका मला हमखास विचारतात, "कायची डाक्टर हायेस वो तू?" मी म्हणते, "पायाची." त्या एकमेकींकडे बघतात. डोळ्याचा डॉक्टर असतो, दाताचा असतो, पण पायाचा? एकदा आत्याने विचारलं, "मंग हाताचा अलग राहते का?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. आता मात्र हा प्रश्न कुणी विचारला की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जाते.

खरं तर आत्याचं काही चुकलं नव्हतं. परदेशात पायाची डॉक्टरकी वेगळी शिकवतात, आपल्याकडे तशी पदवी नाही. आधी सर्जरीत एमएस करायचं, मग कुठेतरी वर्षभराची फेलोशिप. त्यासाठी एक प्रवेश परीक्षा असते, आणि ती पास झाली की ऑनलाइन अर्जात दवाखान्यांची नावं आपल्या पसंतीने एकाखाली एक लावायची. मुदतीच्या आत यादी लॉक करायची. मग मार्कांप्रमाणे जिथे नंबर लागेल तिथे जायचं.

मी पायच का घेतले, हे सोबतच्या मुलामुलींना कळत नव्हतं. सर्जरी करून पायांच्या ड्रेसिंगमागे कोण जातं? पण ज्या कॉलेजात मी एमएस केलं, तिथे पावसाळा अर्धा झाला की आमच्या गोंदियाकडचे पेशंट यायला लागत. तिरोड्याकडचे, देवरीकडचे, कुणी चिचगडच्या जंगलातून निघून दोन बस बदलून आलेले. फडक्यात गुंडाळलेला पाय, आणि फडकं सोडायच्या आधीच वॉर्डभर वास. काय झालं विचारलं की एकच उत्तर: "चिखल्या होत्या मॅडम."

चिखल्या म्हणजे रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात होतात त्या. भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पाणी भरलेल्या शेतात, बांधीत लावायचे तर दिवसभर गुडघाभर गाळात उभं राहावं लागतं. कातडी पांढरी पडते, फाटते, खाजते. आमच्याकडे त्याला कुणी आजार म्हणत नाही. सर्दी झाली म्हणून जसं कुणी तिकीट काढून नागपूरला जात नाही, तसं चिखल्यांसाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. रोवणी संपली की त्या आपोआप जातात, हे खरंही आहे. पण अंगात साखर असेल तर त्या जात नाहीत. त्या आत शिरतात. पाय बधिर झालेला असतो, त्यामुळे दुखतही नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोवणी कोण सोडणार? मग बोट जातं, बोटामागे पाऊल, आणि पुष्कळदा गुडघ्याखालचा सगळा पाय. मी इतके पाय कापायला मदत केली की "चिखल्या" हा शब्द ऐकला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. समोरच्या गरीब माणसावर खेकसायचे. त्याला बिचाऱ्याला कळायचं नाही की आपण काय वाईट बोललो.

आणि माझ्या वडिलांना, बाबूजींना, साखर होती. माझ्या बारावीपासून होती.

दवनीवाड्यापासून जवळच आमचं गाव. घरची धानाची शेती, खाऊनपिऊन सुखी घर. बाबूजींनी मजुरांसोबत बांधीत उतरायची काहीच गरज नव्हती. पण पऱ्ह्यांच्या पेंढ्या नीट फेकल्या जात नाहीत, ओळी वाकड्या जातात, असल्या शंभर कारणांनी ते उतरायचेच. मी त्यांना गमबूट आणून दिले. गाळात पाय टाकला की वर काढताना बूट खालीच राहतो आणि पाय तेवढा वर येतो, हे मला, शेतकऱ्याच्या पोरीला, दुकानात आठवलं नाही. एक दिवस घालून त्यांनी ते बूट खुंटीला टांगले.

शेवटी मी आईला कामाला लावलं. बाबूजींची आंघोळ झाली की रोज त्यांचे पाय बघायचे, तळवे, टाचा, बोटांच्या मधे. "लाल दिसलं की फोन कर," मी तिला घोकून घोकून सांगितलं, "आणि काळं दिसलं की गाडी कर. माझी वाट नको बघू." पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, पेशंटना आम्ही हेच सांगतो. आई शाळेत फार शिकलेली नाही, पण सांगितलेलं काम ती चुकवत नाही. रोज दुपारी तिचा फोन यायचा: "पाहिले वो. बरे हायेत."

परीक्षा पास झाले तेव्हा मी यादीतले चारही दवाखाने स्वतः बघून यायचं ठरवलं. आमच्या कॉलेजात तसं कुणी करत नाही. सीनिअरला फोन करायचा, नाव मोठं कुणाचं ते विचारायचं, की झाली यादी. मला ते पटेना.

नाशिकच्या दवाखान्यात काचेवर उभं केलं की पायाचा दाब कुठे पडतो त्याचा रंगीत नकाशा निघतो. यंत्र फार छान होतं. बाहेर बसलेल्या पेशंटचे बूटही फार छान होते. त्या काचेवर भेगाळलेली टाच कधी पडली असेल असं वाटलं नाही. मुंबईत पेशंटची रीघ, पण फेलोला हातात काही मिळत नाही; फाईल धरायची आणि सरांच्या मागे पळायचं. पुण्यात एका धर्मादाय दवाखान्यात म्हातारे सर होते. ते एका करंगळीपायी पेशंटला आठवडेच्या आठवडे बोलवत. मेलेली कातडी रोज थोडी काढायची, रक्त पोचतंय का बघायचं, पुन्हा बांधायचं. मी दिवसभर ड्रेसिंगच्या खोलीत उभी राहिले. त्या दिवशी त्यांनी एकही बोट कापलं नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. चौथा दवाखाना नागपूरचा. तिथले सर हुशार, हात अतिशय सफाईदार. पण तिथे येणारा पाय आमच्याच भागातून, उशिरा येणारा. त्यामुळे तिथे मुख्यतः कापणं शिकायला मिळणार होतं, आणि ते मला येत होतं. दोष कुणाचाच नव्हता, पण मी नागपूर चौथं टाकलं.

यादी लॉक करायला अजून अवकाश होता, म्हणून मी घरी गेले. रोवणी अर्ध्यावर आली होती. बाबूजी सपरीत, घरापुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. दोन्ही पाय घोट्यापर्यंत मेहंदीने रंगलेले.

आमच्याकडे ही जुनीच रीत आहे. रोवणी लागायच्या आदल्या संध्याकाळी परसातल्या झुडपाचा पाला पाट्यावर वाटतात आणि तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत थापतात. बाया लावतात, बाप्येही लावतात. मेहंदीने कातडी घट्ट होते, चिखल्या कमी होतात, असं सगळेच मानतात, आणि थोडाफार फायदा होतही असेल. रंग उतरला की पुन्हा लावायची. लहानपणी मीही लावून घ्यायचे.

"बाबूजी, नवरदेव झाले का?" मी म्हटलं.

"तुई माय नवरी करून राहिली मले," ते म्हणाले. मग त्यांनी चारही दवाखान्यांची चौकशी केली. प्रत्येकाबद्दल त्यांचा एकच प्रश्न: "टेसनापासून किती लांब हाये?" नागपूर चौथं म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "कायले? जवरचं सोडून लांब कायले जाऊन राहिली? सकारची गाडी पकडली का जेवायले घरी."

"तिथे पाय कापतात बाबूजी. पुण्याला वाचवतात."

"हो का," म्हणाले, आणि खांद्यावरचं पांघरूण ओढून घेतलं. दिवसा, पावसाळ्यातल्या त्या उकाड्यात, पांघरूण. मी विचारलं तर म्हणाले, काल भिजलो, हुडहुडी भरली.

मी खाली बसले आणि हाताची मागची बाजू त्यांच्या डाव्या पायाला लावली. थंड. उजव्याला लावली. भाकरी उतरवलेल्या तव्याला लागावा तसा माझा हात मागे आला. सूज होती. अंगठ्याच्या बाजूला बोट दाबलं तर कातडीखाली मुरमुऱ्याची पिशवी दाबल्यासारखं कुरकुरलं. हा आवाज काय असतो ते मला माहीत होतं. आत वायू धरला होता. पाय आतून सडत वर चढत होता, आणि वरून मात्र तो दुसऱ्या पायासारखाच दिसत होता, गडद तांबडा, बोटांच्या टोकांशी काळसर. नाक जवळ नेलं तर आधी मेहंदीचा वास आला.

मी आईवर ओरडले. इतक्या मोठ्याने की बाहेर बांधलेलं वासरू दचकलं. "तू रोज पाहत होतीस ना? लाल नाही दिसलं तुला? काळं नाही दिसलं?"

आई हातात टॉवेल घेऊन उभी होती. "पाहून राहिली ना वो मी. रोज पाहून राहिली." तिला माझा प्रश्नच कळत नव्हता. "लालच तर हाये. दोन्ही लाल हायेत. माहे पन लाल हायेत." आणि तिने लुगड्याचा काठ वर करून मला आपले पाय दाखवले.

तिचे पायही घोट्यापर्यंत तांबडे होते, टोकांशी काळे. शेजारच्या काकूंचे तसेच असणार, बांधीतल्या सगळ्या बायांचे तसेच. मी तिला लाल शोधायला सांगितलं होतं, आणि अख्खं गाव लाल होतं. मी ज्यांच्यासमोर हजार वेळा हे वाक्य म्हटलं असेल, त्यांपैकी कितीजण घरी जाऊन मेहंदी लावत असतील? चार दवाखाने बघून आले होते, एकातही मला हा प्रश्न सुचला नव्हता, आणि तिथल्या कुणाला सुचायचं कारणच नव्हतं.

गावातल्या एकाची गाडी होती. पुण्याचा विचार करायला वेळ नव्हता, रक्तवाहिन्यांचं बघू शकेल असं सगळ्यात जवळचं ठिकाण नागपूरच होतं. गाडीत बाबूजी तापाने बरळत होते, मधेच शुद्धीवर येऊन नाल्याकडच्या बांधीची रोवणी बाकी आहे म्हणून सांगत होते. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

नागपूरच्या सरांनी पाय धुतला, पाहिला, दाबला. मग माझ्याकडे पाहिलं. मला काहीच सांगायची गरज नव्हती, तरी ते हळू आवाजात म्हणाले, "गुडघ्याखाली घेऊ. अजून थांबलो तर गुडघाही जाईल." मी मान हलवली. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, पण ते बरोबर होते. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि बहुधा त्यांच्याइतक्या सफाईने करू शकले नसते. आत येणार का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आजवर दुसऱ्यांच्या बापांचे पाय धरून उभी राहिले होते. हा नाही धरवला.

स्ट्रेचरवर बाबूजी शुद्धीत होते. सलाइन आणि औषधांनी जरा तरतरी आली होती. मला जवळ बोलावून विचारलं, "हा कितव्या नंबरचा वो?"

खोटं बोलता आलं असतं. आमच्या घरात ती सवय नाही.

"चौथा."

त्यांनी डोळे मिटले. "ठीक हाये. जवर तर हाये."

ऑपरेशन चांगलं झालं. जखम भरेल अशी होती, ताप उतरला, जीव वाचला. या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत आणि मी त्या येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना सांगत राहिले. बाबूजी कुणाशी बोलत नव्हते. चादर जिथे एकाएकी सपाट व्हायची तिथे ते बघत राहायचे. मग तिकडे बघणंही त्यांनी सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. ज्या माणसाने जन्मभर बांधीच्या कडेला उभं राहून सगळ्या गावाशी गप्पा मारल्या, तो परिचारिकेला हो-नाही एवढंही बोलेना.

यादी लॉक व्हायची होती. आईला तारीख माहीत होती. वॉर्डच्या बाहेर बाकावर ती म्हणाली, "आता तरी नागपूर टाक."

"नाही."

"काऊन नाही? पाहून तर राहिली ना, का हाल झाले. तू पुन्याले बसशीन, अन् इथं मी एकटी का करू?"

मी तिला समजावायला गेले आणि समजावणं भांडणावर गेलं. मी म्हटलं, इथे राहिले तर कापायलाच शिकेन. ती म्हणाली, तुझ्या बापाचा पाय गेला आणि तुला शिकायचं पडलंय. मी म्हटलं, म्हणूनच शिकायचं पडलंय. खरं कारण मात्र तिला सांगायची माझी हिंमत होत नव्हती. एक पाय गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. तोही बधिर, तशाच रक्ताचा. एक कापलेला पेशंट काही वर्षांत दुसरा घेऊन येतो, हे मी वॉर्डात इतक्यांदा बघितलं होतं की त्याचं नवल वाटेनासं झालं होतं. मला बाबूजींचा डावा पाय दिसत होता.

दार उघडं होतं, हे आम्हाला कळलंच नाही. आतून बाबूजींचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"जाऊ दे तिले."

आम्ही दोघी आत गेलो. ते अजून भिंतीकडेच तोंड करून होते.

"जाय तू पुन्याले," ते भिंतीला म्हणाले. "पन दुसऱ्याच्या आधी ये."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं कोण जाणे, वॉर्डात शेजारच्या खाटांवर पाहिलं असेल. आई तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. मी तिथेच मोबाइल काढला आणि पुणे पहिलं ठेवून यादी लॉक केली.

नंबर पुण्याचाच लागला. म्हाताऱ्या सरांजवळ मी खूप शिकले, अजून शिकतेय. मेहंदीचं मी त्यांना आणि इतरांना सांगितलं तेव्हा सोबतचा एक फेलो म्हणाला, "इंटरेस्टिंग!" त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. सर मात्र दुसऱ्या दिवसापासून पेशंटना रंग बघायच्या आधी हात लावून बघायला सांगू लागले.

आईलाही मी तेच शिकवलं. बघू नको, हात लाव. हाताची मागची बाजू, आधी मांडीला, मग पायाला. पायाला मेहंदी लावायची नाही असंही बजावलं, पण आता बांधीत कोण उतरतंय? बाबूजी कुबड्यांवर सपरीपर्यंत येतात आणि तिथून परत जातात. आई रोज फोन करते. "थंड हाये," एवढंच सांगते. बाकी ती माझ्याशी फारसं बोलत नाही.

परवा संध्याकाळी तिचा फोन नेहमीपेक्षा उशिरा आला. मी ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर येऊन घेतला.

"आज मले समजून नाई राहिलं," ती म्हणाली. "चुलीपासून उठून आली. माहाच हात गरम हाये."

"हात पाण्यात बुडव," मी म्हटलं. "पुसून पुन्हा लाव. मी फोनवर आहे."

तिने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज आला.  मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी होते. पलीकडे खाट करकरली आणि बाबूजींचा आवाज आला, दबका, फोनपासून दूर, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"थंड हाये म्हन तिले."

आईने फोन उचलला. 

"थंड हाये वो बाई," ती म्हणाली.

दोघांचाही मला भयंकर राग आला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि सरांना सांगायला आत गेले की मी गोंदियाला निघतेय.